मला बंदच गिअरबॉक्स पाहिजे होता

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगताना एकानं माझ्या सदऱ्यावर चहा उडवला होता. आणि यात चूक कोणाची म्हणाल, तर माझी. सगळीच्या सगळी माझी!

आपला हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कुरुंद्यात माझा हळद पॉलिश करायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय हो, पत्र्याचं शेड, एक मोटार आणि एक भला मोठा जाळीचा ढोल. शिजवून वाळवलेली हळद त्यात टाकायची. ढोल फिरला की हळकुंडं एकमेकांवर घासून चकचकीत होतात. पण तो फिरवायला होती उघडी दातेरी चाकं आणि उघडी साखळी. खडखडाट असा, की मी "पाणी द्या" म्हणून ओरडलो तर माणूस रिकामं पोतं आणून द्यायचा. ग्रीसवर हळदीची धूळ बसून काळा चिखल व्हायचा, तो पुन्हा हळकुंडांवर उडायचा. तरी चाललं होतं आपलं.

एक दिवस त्या साखळीत कलावतीबाईंचा पदर गेला. कलावतीबाई म्हणजे आमच्याकडं हळद निवडणाऱ्या बायकांच्या पुढारी. मी उडी मारून मेन स्विच खाली ओढला. पदर फाटला, बाई वाचल्या.

बाईंनी फाटका पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मालक, हे दात झाकल्याबिगर आमी ढोलापाशी येनार न्हाई. एक बी बाई येनार न्हाई."

"बाई, आठ दिवस द्या मला."

"घ्या की. आमी तवर घरी बसतो."

ऐन हंगाम! शेडबाहेर पोत्यांची थप्पी! आमचे मिस्त्री रहीमभाई म्हणाले, "सेठ, पत्रा ठोकून काम नहीं चलेगा. गिअरबॉक्सच बिठाओ. सगळे दात पेटीच्या आत, तेलात. ना धूल अंदर जाती, ना किसी का पल्लू."

मला पटलं. नांदेडला माझा मामेभाऊ दत्ता मशिनरीचा धंदा करायचा, जुनी बी अन् नवी बी. मी एसटीडी बूथ गाठला. लाईनीत खरखर.

"दत्ता, ढोलासाठी गिअरबॉक्स पाठव. बंद पाहिजे!"

"बंद? काहून?"

"काहून म्हंजे? उघड्यानं लई तकलीफ हाय. बंदच पाहिजे."

"दादा, चालू हाय ना माझ्यापाशी. एकदम चालू."

आता ‘चालू’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय यावं? चालू माल! म्हटलं, हा घरच्या माणसाच्या गळ्यात हलकं सामान मारून राहिला! माझं डोकंच फिरलं.

"चालू अजिबात नको! चालू तुझ्या नांदेडच्या लोकायला दे. मला बंद पाहिजे. पुरा बंद!"

"पुरा?"

"व्हय! कायमचा बंद!"

"बराबर. शोधतो," दत्ता म्हणाला.

शोधतो! दुकानदार माणूस गिअरबॉक्स ‘शोधतो’ म्हणतो, तेव्हा तुम्हाला शंका आली असती की नाही? मला नाही आली.

चौथ्या दिवशी जीपमधून पेटी आली. वरून हिरवागार रंग मारलेला, कशी नवरीसारखी! रहीमभाईंनी दांडा हातानं फिरवून बघितला.

"सेठ, ये तो हिलताच नहीं."

"नवीन हाय, कडक असनारच!" मी म्हणालो. मी! ज्याला घरातला पंखा उलटा फिरतो की सुलटा ते कळत नाही, तो मिस्त्रीला शिकवत होतो.

सरपंचांना बोलावलं. कलावतीबाई सगळ्या बायकांना घेऊन आल्या. मी नारळ फोडला, भाषण ठोकलं: "आजपासून दात कोनालाच दिसनार न्हाईत!" टाळ्या झाल्या आणि मी बटण दाबलं.

मोटार घुंऽऽ करून नुसती घुमली. पट्टा जागच्या जागी घासला, धूर निघाला. ढोल? ढोल ढिम्म!

धुरातून कलावतीबाई म्हणाल्या, "मालक, लईच बिनधोक हाय. हालतच न्हाई."

रहीमभाईंनी झाकण उघडलं. आत सगळे दात गंजून एकमेकांना मिठी मारून बसलेले. तळाशी एक मेलेली पाल.

"सेठ, ये तो कबका बंद है."

"बंदच हाय! बंदच मागवला मी!" असं म्हणालो, आणि आपलंच वाक्य आपल्याच कानात शिरलं. घाम फुटला हो!

धावत बूथवर गेलो. दत्ता माझ्यावरच उखडला. "दादा, तूच म्हनला ना कायमचा बंद? तीन भंगारवाले पालथे घातले तुझ्यापायी! चालू तर मी पहिल्याच दिवशी देऊन राहिलो होतो. वरतून रंग बी मारला, म्हटलं तुला शोभेला ठेवायचा असंल!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः चालू गिअरबॉक्स घेऊन आला. म्हणजे बंद, पण चालू. बसवला, बटण दाबलं, आणि काय सांगू, ढोल असा हळुवार फिरायला लागला की आत हळकुंडं सळसळताना ऐकू यायची. कलावतीबाईंनी पेटीभोवती दोन चकरा मारल्या, हात फिरवून पाहिला आणि बायकांना हाक दिली, "या गं समद्या."

मला इतका आनंद झाला, की मी स्वतः ब्रश घेऊन लाल रंगात पाटी लिहिली आणि रस्त्याला लावली: ‘कळविण्यास आनंद होतो की, आमच्याकडील गिअर आता पूर्णपणे बंद आहेत.’

झालं! त्या दिवसापासून हळदीची एकही गाडी शेडकडं फिरकेना. तिसऱ्या दिवशी चौकात सिद्धेश्वरकडचे एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हटलं, "काका, या साली हळद आनली न्हाई?"

काकांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी.

"पाटी वाचली बरं. भेटायला येनारच व्हतो, पन म्हटलं दुःखाच्या घडीला तरास काहून द्यायचा? एवढा कारखाना बंद पडला, तरी आनंदानं कळवून राहिलात! लई मोठ्या काळजाचं मानूस तुमी!"