बॅटरीच्या पाण्यावरचं झाड

हनीफभाईंची घटपर्णी नव्वदचं दशक संपता संपता एका मे महिन्यात वाळली. तेव्हा ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर नागपूरला भावाकडे होते.

चंद्रपुरात त्यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागे एक खोली. वर मी भाड्यानं राहत होतो. त्यांची पत्नी वारली होती. मुलगी लग्नानंतर शिलाँगला गेली. तिथल्या रोपवाटिकेतून तिनंच हे झाड पाठवलं. पानांच्या टोकांना झाकणाचे हिरवे पेले लोंबत, त्यांत माश्या पडून विरघळत. मुलीच्या पत्रात पहिली चौकशी पेल्यांची असे. उत्तराचं पोस्टकार्ड मी टाकायचो.

बोअरचं जड पाणी या झाडाला चालत नाही, हे त्यांना पहिलं रोप गमावून कळलं होतं. म्हणून ते बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी देत; कुंडी कूलरजवळ, ओलाव्यात ठेवत. म्हणत, "गरिबीतलं झाड हाय. चांगलंचुंगलं देल्लं का मरते."

मीही त्या महिन्यात सुट्टीवर गावी जाणार होतो, म्हणून नागपूरला जाताना त्यांनी शेजारच्या शेवंताबाईंकडे किल्ली दिली आणि पाण्याचा कॅन दाखवला.

"यातलंच द्या बाई."

"माशा खाते ना हे? मंग मटन काऊन नाई देत?"

"मटन तुमी खा. याले पानी द्या."

ते परतले तेव्हा मी सोबत होतो. पानं काळी पडली होती, सुकलेले पेले पाण्यानं काठोकाठ भरलेले होते. कॅनचं सील शाबूत होतं. शेवंताबाई दारातच उभ्या होत्या.

"बॅटरीचं पानी म्हंजे तेजाब, भाऊ. जित्या झाडाले कसं द्याव? आपल्या बोअरचं, माठातलं गार देल्लं मी, रोज. तरी वाळलं. माह्यानं चुकलं का काई?"

हनीफभाईंनी डोळ्यावरचा हिरवा चष्मा सारखा केला. "नाई बाई. ऊनच तसं होतं. मलेबी पाजा थोडं माठातलं."

शेवंताबाईंनी तांब्याभर पाणी आणलं. हनीफभाई सगळं प्यायले.

मुलीनं आणखी एक रोप पाठवते म्हणून लिहिलं. त्यांनी नको कळवलं. मी कारण विचारलं.

"आलं तर त्याले बॅटरीचंच पानी द्या लागन. बाई पाह्यतीन, अन् समजतीन."

पत्रं पुढे कमी झाली. कुंडी कूलरजवळच राहिली, रिकामी.

चार वर्षांनी हनीफभाई वारले. मुलगी शिलाँगहून आली. तिनं झाडाचं विचारलं.

"उनानं गेलं पोरी. भाऊच म्हनले," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणालो.