भिंतीवरचं शेत

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक शेत टांगलेलं होतं. कतारमध्ये, अल रय्यानला एका गोदामामागे आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत माती तपासायची, दुसरीत टेबलं. त्या टेबलांच्या खोलीत, एसीच्या बरोबर समोर, माणसाच्या उंचीची एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर खऱ्या मातीचा उभा काप चिकटवलेला होता. वरच्या गवताच्या वाळलेल्या मुळांपासून तळच्या दगडगोट्यांपर्यंत, जमिनीत होता तसाच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे नवीन होतो, आणि पहिल्या दिवशी त्या फळीकडे पाठ करून बसलो.

फळी आमच्या साहेबांची. साहेब कॅनडाचे, उंच, साठीच्या पुढचे, शेतकऱ्याच्या घरातले. वडिलांचं शेत विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेताच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, खड्ड्याच्या भिंतीला फळी लावून मातीचा काप अलगद सोडवला, रसायन पाजून घट्ट केला आणि नोकरी नेईल तिथे बरोबर नेला. त्यांच्या घरच्या जमिनीतलं तेवढंच उरलं होतं.

मी पाठ का केली, ते सांगायला हवं. माझे वडील विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या. मी शाळेत असताना एका अर्धवट विहिरीची कड सरकली आणि ते खाली राहिले. शिडी तेव्हा वर होती. दगड भरलेल्या पाट्या ओढायला जागा हवी म्हणून ती काढून ठेवत, रोजच ठेवत. कुणाची चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. माणसं माती उपसत होती आणि मी त्या शिडीशेजारी उभा होतो. त्या दुपारचं मला फारसं काही आठवत नाही. शिडीच्या खालच्या दांड्यांना लागलेली ओली पिवळी माती तेवढी आठवते. ती माझ्यासमोर वाळत गेली.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली, शिकवणारे चांगले भेटले आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. विषय घेतला मातीचा. ती कड का सरकली हे मला कळून घ्यायचं होतं. मातीचे थर वाचायला खड्डा घेऊन त्यात उतरावं लागतं. कॉलेजात त्या खड्ड्याभोवती वर्गभर मुलं असायची. मी काठावर वही घेऊन उभा राहिलो तरी कुणाच्या लक्षात येत नसे. कतारला आलो तेव्हा खड्ड्यापाशी साहेब, मी आणि गाडी चालवणारा सोबती, एवढेच असायचो.

हा सोबती म्हसळ्याचा. माझ्याहून वयाने मोठा, तोंडाने फटकळ. मला तो मास्तर म्हणायचा. पहिल्याच सर्व्हेच्या दिवशी शॉवेलने, म्हणजे खोदायच्या मशीनने, छातीपेक्षा खोल खड्डा घेतला. त्याने शिडी लावली. मी एक पाय पहिल्या दांडीवर ठेवला आणि दुसरा जमिनीवरून उचलेना.

"उतर की मास्तर. खाली काय वाघ हाय?"

मी तसाच उभा. साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. माझ्या हातातली माती खरवडायची सुरी घेतली आणि स्वतः उतरले. खालून ते सांगत गेले, वरून मी लिहीत गेलो.

परतताना गाडीत सोबत्याला राहवलं नाही. "म्हातारा खाली न् जवान वर! आमच्या गावात असतास तर मेल्या वरात काढली असती तुझी." साहेबांना मराठी कळत नव्हती, ते खिडकीबाहेर पाहत होते. मग मी त्याला वडिलांचं सांगितलं. त्याने हळू आवाजात मयताची दुआ म्हटली. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, "मग ह्या धंद्यात कशाला आलास बाबा?"

त्याने साहेबांना काय सांगितलं, कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची फळीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"हा खड्डा आहे," साहेब म्हणाले. "यात उतरावं लागत नाही. रोज वीतभर वाच आणि मला सांग. वरून सुरू कर."

मी तशी ती माती शिकलो. वर नांगरटीचा थर, गडद तपकिरी, भुसभुशीत, बारीक खड्यांसारखा मोकळा दिसणारा. त्याखाली पिवळसर लालट माती. तिच्यात केसासारखी मुळं आणि गांडुळांच्या वाटा खोलवर गेलेल्या. साहेब विचारायचे, "डाग दिसतात? राखाडी, गंजासारखे?" मी म्हणायचो, नाही. "म्हणजे पाणी थांबत नाही. बर्फ वितळला की दोन-चार दिवसांत शेत पाय ठेवण्यासारखं होतं. शेजाऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर रुतायचा तेव्हा आमची पेरणी चालू असायची." हे सांगताना त्यांचा चेहरा कालच पेरणी आटोपल्यासारखा दिसायचा.

कमरेच्या खाली मात्र फळी बदलायची. तिथे एकदम घट्ट, फिकट थर, आणि त्यात दगडच दगड. काळे, गुलाबी, करडे, कुठले कुठले, काहींवर ओरखडे. साहेब त्याला टिल म्हणत. फार पूर्वी त्या मुलुखावर डोंगराएवढा जाड बर्फ सरकत गेला. वाटेत सापडेल ते त्याने चिरडलं, वाहून आणलं आणि स्वतःच्या वजनाखाली दाबून टाकलं. त्यावर हजारो वर्षांत जी माती झाली ते साहेबांचं शेत. मुळं त्या थरापर्यंत येत आणि आडवी वळत. एक-दोन गंजलेले डाग होते ते तिथेच. पाणी तेवढंच घटकाभर अडायचं. "इथे कुदळ उडून परत येते," साहेब म्हणाले. "या मातीत खड्ड्याची कड ढासळत नाही." मग माझ्याकडे न बघता फळीवरची धूळ पुसू लागले.

एकदा त्यांनी दगडांचं सांगितलं. हिवाळ्यात जमीन गोठते, दगडाखालचं पाणी फुगतं आणि दगड किंचित वर उचलला जातो. दर हिवाळ्यात थोडा. वसंतात शेतात नवे दगड आलेले असतात. लहानपणी सगळी भावंडं ते वेचून बांधावर टाकायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच वर यायचे.

हे मी ऐकायला नको होतं. खाली गेलेलं तिथे आपोआप वर येतं, कुणी न उपसता, हे माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्याच सुमारास फळीतून दगड गळायला लागले.

सकाळी कुलूप उघडलं की फळीखाली एखादा दगड पडलेला असायचा. कारण मला माहीत होतं. एसीच्या कोरड्या हवेने रसायन तडकत होतं, आणि मोठे दगड तळाशीच होते. तरी मी तो उचलत नसे.

"मास्तर, तुझं शेत चालायला लागलं," सोबती म्हणायचा आणि स्वतःही लांबूनच बघायचा.

साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "असू दे. बांधावर ठेव." मी चिमटीत धरून तो भिंतीकडेला ठेवला. वर्षभरात तिथे लहानसा बांध झाला.

मग साहेबांचे गुडघे गेले. उन्हाळ्यानंतर ते कायमचे घरी जाणार असं ठरलं. मॅनेजरने मला बोलावून सरळ सांगितलं, यापुढे खड्ड्यात तू उतरायचं. जमणार नसेल तर करार संपेपर्यंत थांब, मग तिकीट देतो. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. गावी आई होती, धाकटी बहीण कॉलेजात होती. आणि घरी जाऊन सांगणार काय? विहीर खोदणाऱ्याचा मुलगा मातीचं शिकून परदेशी गेला आणि खड्ड्याला भिऊन परत आला?

शेवटचा सर्व्हे उत्तरेला होता, अल खोरच्या अलीकडच्या एका रौद्यात. पावसाचं पाणी उतरून बारीक माती साचते अशा खोलगट जागेला तिथे रौदा म्हणतात. शॉवेलने खड्डा घेतला. साहेब आमच्याबरोबर आले होते, पण गाडीचं दार उघडं ठेवून आतच बसले. वही त्यांनी सोबत्याच्या हातात दिली होती.

"मोठ्याने बोल मास्तर," सोबती म्हणाला, "न् बोलतच राहा. गप बसलास तर मी वरून माती टाकीन." मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो वहीत बघू लागला.

मी उतरलो. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. डोकं जमिनीखाली गेलं तसा वाऱ्याचा आवाज बंद झाला. मी समोरची भिंत फळी समजून वरून सुरुवात केली. फिकट तपकिरी. पिठासारखी, वर पापुद्रा. मुळं बारीक, थोडी. ओल नाही. गंजाचे डाग नाहीत. मी एकेक सांगत होतो आणि वरून "हां, पुढे" असं येत होतं. खड्डा अरुंद होता; मागची भिंत पाठीला लागत होती. मग मला ओल्या मातीचा वास आला. त्या कोरड्याठाक खड्ड्यात ओली, पिवळी माती. आणि मागे, पायांच्याही खाली, कुणीतरी काम थांबवून खोकल्यासारखं झालं. वडील तसेच खोकायचे, पाटी भरून झाली की.

मी मागे वळलो नाही.

"पुढे काय मास्तर?"

"चुनखडीचा दगड," मी म्हणालो. "इथे संपलं."

"खलास! ये वर."

वर आलो तेव्हा साहेब गाडीतून उतरून उभे होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, माझा मातीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. सोबती शिडी काढायला वाकला. शॉवेलवाला इंजिन सुरू करून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता.

"थांब," मी म्हणालो. "शिडी राहू दे."

"आता कशाला? वर आलास की. अजून कुणाला यायचं..."

तो अर्ध्यातच थांबला. शिडीवरचा हात काढून घेतला आणि शॉवेलवाल्याला खूण केली, सावकाश. मशीन माती लोटत गेलं. माती चढेल तशी शिडी तो दोन्ही हातांनी थोडी थोडी वर घेत राहिला. खड्डा काठोकाठ भरल्यावर ती अखेरीस मोकळी झाली, आणि त्याने ती माझ्यासमोर वाळूवर आडवी ठेवली.

त्यानंतर त्या देशात मी कित्येक वर्षं खड्डे पाहिले. शिडी सगळ्यात शेवटी काढायची, हा आमच्याकडचा नियम झाला. नवी मुलं हसायची, मी कारण सांगत नसे. जाताना साहेबांनी फळी माझ्याकडेच ठेवली आणि तिच्याखालचा बांध वाढत गेला.

पण त्या दिवसाचं एवढंच राहिलं. शिडीच्या खालच्या दांड्यांना पिवळी माती लागलेली होती. खड्ड्यात ओल नाही असं मी स्वतः सांगितलं होतं आणि सोबत्याने ते लिहून घेतलं होतं. ती ओली होती का, ते मी हात लावून पाहिलं नाही.