‘तक्रार नाही’ असं लिहिलेला कागद

पळस्पे फाट्याला उरणच्या रस्त्यावर वळताना माझ्या गाडीचं स्टिअरिंग एकदम जड झालं. मागे कंटेनरचा ट्रेलर, पुढे रिक्षा, आणि डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा. दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली आणि कॉलेजात फोन करून कळवलं की पहिला तास होणार नाही. उरणच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. घर पनवेलजवळ, विचुंब्याला. रोजचा हाच रस्ता, रोज हेच ट्रेलर.

आमच्या गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिथून जवळच, गोवा हायवेला आहे. टोइंगवाल्याने गाडी तिथे नेऊन सोडली. सर्व्हिस ॲडव्हायझर ओळखीचाच होता. तीन वर्षं गाडी तोच आत घेत होता. त्याने नंबर टाइप केला, थोडा वेळ कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला, "स्टिअरिंगची मोटर गेली असणार. पण मॅडम, वॉरंटी संपून अकरा दिवस झालेत."

"मी तुम्हाला सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, स्टिअरिंग जड जातंय म्हणून. दोन महिन्यांपूर्वी परत सांगितलं."

"सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाही."

"तुमच्याशीच बोलले होते मी. इथे, याच जागी उभी राहून."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन्ही वेळच्या जॉब कार्डावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता. निल. म्हणजे तक्रार नाही. खाली माझी सही. कागदावर करते तशी नाही. टॅबवर बोट फिरवून केलेली, मेलेल्या खेकड्यासारखी.

ती सही कशी झाली हे मला लख्ख आठवत होतं. सकाळी साडेआठला गाडी द्यायची, नऊच्या आत तिथून निघायचं, कारण कॉलेजची वेळ गाठायची. ॲडव्हायझर गाडीभोवती फिरत ओरखडे मोजत होता आणि मी त्याच्या मागे मागे फिरत सांगत होते, वळताना जड जातं, मधूनच बारीक आवाज येतो. तो मान हलवत होता. म्हणाला, "आपल्याकडचे रस्ते बघताय ना मॅडम." मग टॅब पुढे केला, "इथे बोट फिरवा." मी फिरवलं. वर काय लिहिलंय ते वाचायला त्या टॅबवर तीन वेळा खाली सरकवावं लागतं, आणि माझ्या मागे दोन गाड्या हॉर्न देत उभ्या होत्या. वर्गात प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून घसा कोरडा करणारी बाई मी, आणि स्वतः काय केलं ते हे.

"एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायला हवी होती तुम्ही," तो म्हणाला.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. तो आठवडाभर पुण्याला असतो, शनिवारी येतो. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "तू जरा शांतपणे बोल ना त्यांच्याशी. आपण चिडलो की ते लोक अडून बसतात." मी सांगितलं की दिवसभर मी शांतपणेच बोलत होते, आता पहिल्यांदा चिडतेय. फोन ठेवून मी गाडीची फाइल काढली. विम्याचे कागद, धुण्याची बिलं, टायरची बिलं, सगळं जागच्या जागी. स्टिअरिंग हा शब्द मात्र एकाही कागदावर नव्हता. तीन वर्षांत एकही सर्व्हिसिंग चुकवलं नव्हतं, बाहेरच्या गॅरेजची पायरी चढले नव्हते, आणि तरीही मी खोटं बोलतेय असं त्या फाइलवरून सिद्ध होत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळीच सर्व्हिस सेंटरला जाऊन बसले. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. वेटिंग रूममध्ये कॉफीचं मशीन, आवाज बंद केलेला टीव्ही, आणि माझ्याशिवाय एकच बाई. पन्नाशीची, हिरवं नऊवारी, हातात सोन्याच्या पाटल्या, मांडीवर मोबाइल. त्यांचा छोटा टेंपो याच कंपनीचा होता. पहाटे उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि पनवेलच्या बाजारात आणायची, हे त्यांचं काम. टेंपो मुलगा चालवतो, पण घेतलेला त्यांच्या नावावर. थोड्या वेळाने ॲडव्हायझर टॅब घेऊन आला आणि त्यांना म्हणाला, "मावशी, इथे बोट फिरवा."

त्यांनी टॅब हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"बाय, यात काय लिवलंय ता मना वाचून दाकवा."

मी वाचलं. ऑइल बदलणे. व्हील अलाइनमेंट. वायपर ब्लेड बदलणे. ग्राहकाची तक्रार, निल.

"आनि गियर?"

"गिअरचं काही नाही यात."

"दुसरा गियर पडत नाय म्हनून तर आनलाय टेंपो. वायपर कोनी सांगितला बदलाया?" मग त्याच्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "मी बोलले तसा लिव. दुसरा गियर पडत नाय. कवापासून? पंधरा दिवस. माल भरला का जास्त होता. लिव."

"मावशी, मेकॅनिकला सांगितलंय मी, तो बघेल."

"मेकॅनिकला नको सांगू. इथं लिव."

"सिस्टीममध्ये मराठी येत नाही."

"मग इंग्रजीत लिव. ही बाय वाचतेय."

तो गेला, परत आला. मी वाचलं. 'गिअर चेक' एवढंच लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी टॅब परत दिला. तिसऱ्या खेपेला दुसरा गिअर, पंधरा दिवस, माल भरल्यावर जास्त, असं सगळं आलं, आणि वायपर गेलं. तेव्हा त्यांनी बोट फिरवलं. ही सगळी वीस मिनिटं त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. इतक्या वेळात मला एकदाही सुचलं नाही की मी स्वतः सहा महिन्यांपूर्वी हे करू शकले असते. सुचलं ते नंतर, आणि फार वाईट वाटलं.

"तुमचा काय झाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुमी नुस्ता तोंडी बोल्लात?"

"हो ना."

"मोबाइलवर काय बोल्ला नाय? आमी मासलीच्या बोटवाल्याशी भाव ठरला तरी व्हॉट्सॲपवर टाकतो. मग तो दुसऱ्या दिवशी नाय म्हनू शकत नाय. तुमी बघा तरी."

मी म्हटलं, नाही हो, मी काही लिहिलं नव्हतं. पण हातात दुसरं काम नव्हतं म्हणून ॲडव्हायझरशी झालेले मेसेज वर वर सरकवत गेले. 'गाडी तयार आहे मॅडम.' 'बिल पाठवलं आहे.' दिवाळीच्या शुभेच्छा. सर्व्हिसिंगची आठवण. आणि मग दोन महिन्यांपूर्वीचा, माझाच: 'स्टिअरिंगचं बघितलंत का? वळताना अजून जड जातंय.' त्याच्या खाली त्याचं उत्तर: 'चेक केलं मॅडम, ओके आहे.' आणि वर उंचावलेला अंगठा.

गाडी घेऊन घरी पोचल्यावर लिहिला असणार मी तो. लिहून पूर्ण विसरून गेले होते. मी फोन मावशींपुढे धरला, तर त्या म्हणाल्या, "मना काय दाकवता, त्याला दाकवा," आणि त्यांचा मुलगा बोलवायला आला म्हणून निघून गेल्या. टेंपोचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत.

मॅनेजर दीड वाजता मोकळे झाले. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे पर्सनल चॅट आहे मॅडम. कंपनी हे ऑफिशियल धरत नाही."

"हा नंबर मला तुमच्या सेंटरने दिलाय. बिलं याच नंबरवरून येतात. बिल पाठवताना ऑफिशियल आणि तक्रार घेताना पर्सनल?"

"मी समजू शकतो तुमचं."

ते समजू शकतो, समजू शकतो असं चार वेळा म्हणाले. पाचव्यांदा म्हणायच्या आत मी म्हटलं, "ठीक आहे. वॉरंटीत करत नाही आहात ना? मग तसं लिहून द्या. तक्रार वॉरंटीच्या मुदतीत केली होती, त्याचा मेसेज दाखवला, तरीही अमुक कारणाने नाकारत आहोत. सही आणि शिक्का."

"लिहून देण्याची पद्धत नाही आपल्याकडे."

"माझ्याकडून तर प्रत्येक गोष्टीवर बोट फिरवून घेता."

ते हसले. मी हसले नाही. परत वेटिंग रूममध्ये येऊन कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल लिहिला. गाडीचा नंबर, दोन्ही जॉब कार्डं, मेसेजचा फोटो, कोण कधी काय म्हणालं ते ओळीने, आणि शेवटी एवढंच की नकार असेल तर कारणासह लेखी कळवावा. सेंटरच्या पत्त्यावरही तोच पाठवला. एका मोटरसाठी एवढं करावं लागावं याचाच राग जास्त येत होता. त्यानंतरचा दिवस वाट बघण्यात गेला. एनएमएमटीची बस, मग रिक्षा, असं करून मी कॉलेजला गेले आणि तासाला उशिरा पोचले.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन. "अभिनंदन मॅडम. कंपनीने अप्रूव्ह केलंय. मोटर फ्री बदलून देतोय." मी पुन्हा अर्धी रजा टाकून गेले. गाडी तयार होती. ॲडव्हायझरने टॅब पुढे केला आणि मी खुर्ची ओढून बसले. सगळं वाचलं. तीन वेळा खाली सरकवून. तिथे लिहिलं होतं की ग्राहकाशी असलेल्या संबंधांचा मान राखून, सद्भावना म्हणून, वॉरंटीबाहेर ही दुरुस्ती विनामूल्य करण्यात येत आहे.

"हे वॉरंटीबाहेर कसं?"

"मॅडम, पैसे तर घेतच नाही ना आपण."

"ही मोटर उद्या परत गेली तर?"

तो शर्टाच्या बाहीने टॅब पुसायला लागला. सद्भावनेने बसवलेल्या मोटरची कुणीच हमी घेत नाही, हे त्याला माहीत होतं. मला ते त्याच्या पुसण्यावरून कळलं. मी सांगितलं की सद्भावना काढा आणि वॉरंटी लिहा, तोवर मी बोट फिरवणार नाही. तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर बाहेर आले, आत गेले, कुणाला तरी फोन केला. मागे एक गृहस्थ घड्याळ बघत उभे होते. ते म्हणाले, "अहो, मिळतंय ना फुकट, घ्या की." मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "बसा, वेळ लागेल."

पाऊण तास लागला. त्या वेळात ॲडव्हायझर माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "राग मानू नका मॅडम. मी रोज अठरा-वीस गाड्या घेतो. तक्रार सिस्टीममध्ये टाकली की ती बंद करायची जबाबदारी माझी. बंद नाही झाली तर महिन्याच्या शेवटी माझ्याच नावावर दिसते. स्टिअरिंगसारखं काही असलं तर आठ-आठ दिवस उघडी राहते."

"म्हणून तुम्ही लिहीतच नाही."

"सगळेच असं करतात."

मला त्याची दया आली. आणि दया यावी लागतेय याचा राग आला. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याच्या निलमुळे त्याचा महिना नीट जात होता, आणि माझी गाडी पळस्प्याला ट्रेलरच्या पुढ्यात अडकत होती. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी माझी तक्रार मी स्वतः टाइप करीन." तो म्हणाला, "चालेल, टॅब देतो." आणि खरंच दिलासा मिळाल्यासारखा बघायला लागला.

नवा कागद आला. 'वॉरंटीअंतर्गत बदल', नव्या मोटरचा नंबर, आजची तारीख. मी छापील प्रत मागितली. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. कागद आला, तर शिक्का दुसऱ्या मजल्यावर होता. शिक्का आला. मी तो कागद सही-शिक्क्यासकट तिथेच फोनवर टिपला आणि मग बोट फिरवलं.

गाडी बाहेर काढली. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं, नवीन गाडीसारखं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खूप दमले होते, आणि डोक्यात उरलेल्या रजांचा हिशोब चालू होता.

शनिवारी नवरा आला. पार्किंगमध्ये गाडी मागेपुढे करून बघितली आणि म्हणाला, "छान झालंय की. बघ, शांतपणे बोललं की होतं काम." मी पोळ्या लाटत होते. जेवण झाल्यावर कंपनीला पाठवलेला ईमेल उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच, मध्ये थांबायचं नाही. त्याने वाचला. दोन पानं होती. वाचून झाल्यावर त्याने स्वतःच्या स्कूटरचे कागद कुठे आहेत ते विचारलं.