बरणीतले थर्मोस्टॅट

उन्हाळा लागला की मेकॅनिक भाऊजींचं एकच औषध: गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी आणि तापल्यावर उघडणारी झडप, काढून टाका! "पाण्याची वाट अडवतो मेला. काढला की इंजिन थंडगार." काढलेले सगळे ते गॅरेजच्या फळीवर काचेच्या बरणीत मिरवायला ठेवत. त्यांची थोरली वहिनी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. घरचाच माणूस म्हणून तिनेही आपल्या गाडीतला काढू दिला. इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा नाचायला लागला, तेव्हा तिने विचारलंही. "नाचू दे हो वहिनी!" म्हणाले.

नाचला तो असा! तिच्या इंजिनाची रचनाच अशी की थर्मोस्टॅट नसला की उकळतं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतं. भर उन्हात, चढावर, मुलांनी भरलेली गाडी वाफा सोडत थांबली. इंजिन गेलं, शाळेचं काम गेलं. आणि हे भाऊजी आपल्या गिऱ्हाईक टॅक्सीवाल्यांत चहा पीत सांगतात, "वहिनींना काटा बघता येत नाही. बाईच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं!" ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई म्हणाल्या, "दीर आहे, जाऊ दे." जाऊ दे कसलं? तिने मनात गाठ मारून ठेवली.

पुढे भाऊजींचा हात मोडला. त्यांची गाडी चालवायला वहिनीशिवाय कोण होतं? पहिल्याच दिवशी तिने पाहिलं, काटा मधोमध येऊन गपगुमान उभा. अस्सं! लबाड कुठला!

एका सकाळी गॅरेजात टॅक्सीवाले जमले, तशी तिने भाऊजींच्या थंड गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि त्यातल्या सगळ्यात खवचट माणसाला म्हणाली, "दादा, रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा."

"गार आहे की."

इंजिन तापत गेलं, पाइप मात्र गारच. मग एकदम त्याने हात झटकला. "आयला, भाजलं! आत्ता उघडला! म्हणजे हिच्यात थर्मोस्टॅट आहे?"

"आहे ना. आपले सगळ्यांचे बरणीत, ह्यांचा जागेवर."

एकाने बरणी खाली उतरवली. "यातला माझा कुठला, सांगा!"

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीत."

तिचं काळीज कसं थंड झालं! "माझं नाव चव्हाट्यावरच गेलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "तिथूनच परत न्यायला आले."