कोऱ्या नळीतला माणूस

धारूरच्या बाजारात सीताफळं निवडत होतो, तेव्हा शेजारच्या दत्ताचा फोन आला. "गुरुजी, बिगीनं घरी या." कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पिशवी तिथेच राहिली. घरी माझी बायको उषा ओसरीवरच्या खुर्चीतच होती, चष्मा नाकावर, पेपर मांडीवर... डॉक्टर येऊन गेले होते. तिला जाऊन आता सात आठवडे झाले. सीताफळं तिच्यासाठीच घेत होतो, एवढंही तिला सांगायचं राहून गेलं.

उषा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. वसतिगृहांत राहून शिकली आणि पुढे शहरात पोलिसांकडून येणारे नमुने तपासणाऱ्या डीएनए प्रयोगशाळेत लागली. मी त्याच शहरात शाळेत मास्तर होतो; निवृत्तीनंतर आम्ही गावी परतलो. पाहुण्यांना वाटायचं, बाई रोज एक खुनी पकडत असणार. ती म्हणायची, माझं निम्मं काम हात धुण्याचं आणि उरलेलं नोंदी लिहिण्याचं. घरीही तेच. लिंबाच्या लोणच्याचा चमचा आंब्याच्या बरणीत गेला की आमच्याकडे चौकशी बसायची. मी तिला सोवळ्याची बाई म्हणून चिडवायचो. तिच्या सोवळ्याला जात मात्र नव्हती.

नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर ती एक कोरी नळी लावायची. त्या नळीत कुणाचाच नमुना नाही, नुसतं पाणी. तिच्यातून काहीच निघता कामा नये. निघालं, तर कुणाचा तरी स्पर्श आत शिरला आणि सगळी खेप संशयात आली असं समजायचं. एकदा त्या नळीतून एक पुरुष निघाला. असं झालं तर ताडून बघता यावं म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए यादीत ठेवलेला असतो. पण हा माणूस यादीत नव्हता.

त्याच खेपेत गेवराईकडे नदीपात्रात सापडलेल्या एका बेवारस माणसाचं हाड होतं. घाटनांदूरच्या काशीबाईंचा मुलगा दोन वर्षांपासून बेपत्ता होता आणि तो हाच का, हे ठरायचं होतं. हाडाचं उत्तर स्वच्छ आलं होतं. साहेब म्हणाले, नळीतला अंश पुसट आहे, अहवाल पाठवून द्या. पण उषा अडून बसली. अवघड असं होतं की हाडाचा भुगा आणखी एकाच तपासणीपुरता उरला होता. ती फसली, तर काशीबाईंना उत्तर कधीच मिळणार नव्हतं. चार दिवस उषा धड जेवली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी शर्टाला बटण लावत होतो. आमचं घर मूळचं शिंप्याचं, त्यामुळे टाका घातला की दोरा दातानं तोडायचा ही वडिलांची सवय माझ्यात उतरलेली. ती समोर थबकली.

"अहो, माझ्या ॲप्रनच्या बाहीचं बटण लावलंत, तेव्हा दोरा कशानं तोडला होता?"

"दातानं. का?"

"म्हणजे बाहीला तुमची थुंकी लागली," ती म्हणाली. ॲप्रन प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही हा नियम. पण नवरा चांगला शिवतो म्हणून तिनं एका रात्रीपुरता तो घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली गेली. नळीतला माणूस मीच होतो.

तिनं चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली आणि मेमो घेतला. काशीबाई प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा हिनंच त्यांना सांगितलं की माझ्या चुकीमुळे पुन्हा तपासावं लागणार आणि कदाचित काहीच कळणार नाही. त्या म्हणाल्या, "लई दिस वाट बघितली, आनखी बघीन. पर एकदा सांगितलंस की मग बदलू नगंस, बाई."

दुसरी तपासणी हिच्या हाताखालच्या अफसानानं केली. उषा बाहेर बाकावर बसून राहिली. उत्तर तेच आलं. तो काशीबाईंचाच मुलगा होता. मग मिळवलंस काय, असं मी घरी चिडून विचारलं; तो मेमो मला फार लागला होता. ती म्हणाली, "पहिल्या उत्तरावर मला त्यांना 'बदलणार नाही' असं म्हणता आलं नसतं." आणि रडली. त्या दिवसापासून आमच्या सुईदोऱ्याच्या डब्याला एक छोटी कात्री बांधलेली आहे.

परवा अफसानाचा फोन आला. सहज म्हणाली, "सर, मॅडमचा नमुना अजून यादीत आहे. तुमचाही." जुनी प्रकरणं पुन्हा उघडतात, म्हणून गेलेल्या माणसाचं नाव काढत नाहीत. प्रत्येक खेप तिच्याशी ताडून बघतात. मी विचारलं, मग काय निघतं? "काही नाही सर. 'आढळला नाही' असंच येतं."

म्हणजे तिथे रोज तिला शोधतात, आणि ती सापडत नाही. हेच तिच्या कामाचं प्रमाणपत्र, हे मला कळतं. तरी फोन ठेवल्यावर घर फार रिकामं वाटलं...

तिची फणी, केसांसकट, मी कागदी पाकिटात ठेवली आहे. प्लास्टिकमध्ये ओल धरते, हे तिनंच शिकवलेलं. पाकीट चिकटवून जोडावर आडवी सही केली, तारीख घातली. ते कपाटात आहे. कधी कधी फार वाटतं, उघडावं आणि एकदा फणी हातात घ्यावी. पण नाही उघडत. माझा हात लागेल.