पहिला अंगठा तिचा

मंगळवार, तिसरा तास. हजर: पुढच्या बाकांवर मुली, दाराजवळ मुलं, फळ्याशी मी, आणि माझं वाक्य संपायच्या आत अंगठा वर करणारी ती. "समजलं, मॅडम!"

दिग्रसच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला, नियमही मीच घातले: नोट्स सकाळी, शंका संध्याकाळी, शुभेच्छा बंद. नोट्स टाकल्या की पहिला अंगठा तिचा, मागोमाग बाकीच्यांचे. असे अंगठे तुम्हीही पाहिले असतील. शंका मात्र कुणाचीच नसे. मोबाईलवर शिकायला आमची मुलं किती उत्सुक आहेत, हे मी स्टाफच्या बैठकीत ऐटीत सांगून आले होते.

ती तांड्यावरून एसटीने यायची. एक इअरफोन तिच्या कानात, दुसरा शेजारणीच्या.

एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते. ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज आला, मी तो लावला.

"अवं, मॅडमचं डोक्यावरून गेलं ना? माह्यंही गेलं. व्हिडिओ पाह्यला तवा समजलं. आइक. मीठ महाग झालं त तू अळणी जेवशील का? नाही. अन् चाऊमिन महाग झालं त? बंद! हेच ते, मागणीची लवचिकता."

मैत्रिणींच्या ग्रुपचा निरोप माझ्या ग्रुपवर पडला होता. घाबरून तिने तो पुसला, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. आम्हा सगळ्यांकडे तो तसाच राहिला. शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "हे मलाही कळलं बुवा." माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी उभी.

"मॅडम, इंटर्नलचे मार्क कापू नका."

"मार्कांचं सोड. न समजता अंगठा कशाला द्यायचीस?"

"तुमी एवढं टाइप करता. नाही देलं त वाईट दिसते ना."

"मग विचारायचं ग्रुपवर."

"तिथं विचारलं त सगळे पाह्यतेत, हिले येत नाही म्हणून."

"आणि तुमच्या ग्रुपवर?"

"तिथं कोनालेच येत नाही, मॅडम. मंग लाज कायची?"

लाज माझ्या वाट्याला आली होती. ती दिसू नये म्हणून मी हजेरीपटात डोकं घातलं आणि म्हटलं, "ठीक आहे, जा." तू बरोबर समजावलंस, एवढं म्हणायचं राहिलं.

पुढे तिची मैत्रीण सांगत होती, "तिनं आवाज टाकनंच बंद केलं. म्हणते, मॅडमचा अपमान झाला." वर्गातला अंगठाही खाली आला. एसटीत तिच्यासोबत व्हिडिओ ऐकणारा शेजारणीचा कान रिकामा झाला.

आता ती यवतमाळला बी.एड. करते. उद्या स्वतः फळ्यापुढे उभी राहील आणि मीठ-चाऊमिनचं उदाहरण द्यायला कचरेल, तर ते माझ्या त्या 'ठीक आहे'मुळे.

या आठवड्यात नव्या वर्गाला लवचिकता शिकवायची आहे. माझ्या फोनमध्ये अजून असलेला तिचाच आवाज ऐकवावा असं मनात आहे. त्यासाठी तिला विचारायला हवं, आणि विचारण्याआधी ते राहिलेलं वाक्य म्हणायला हवं. आजची बाकी कामं उरकली. तिला फोन लावायचा आहे.