उसवून पुन्हा
थोरलीच्या हातची शिवण उसवायची वेळ गिऱ्हाइकावर कधी आली नाही, कारण ती आधी स्वतःच उसवायची. टाका तिळाएवढा वाकडा गेला तरी अख्खी शिवण काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून घालायची. गल्लीत तिला 'उसवाबाई' म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नव्हता. उलट मिरवायची. "वाकडं काम माझ्या दाराबाहेर जायचं नाही," म्हणायची. अशा बाईच्या हातात कुणी युकुलेली द्यावी का, तुम्हीच सांगा!

दिली ती धाकट्या बहिणीनं. धाकटी पलीकडच्या खोलीत मुलांना युकुलेली शिकवायची. गिटारीचं शेंडेफळ म्हणावं असं ते चार तारांचं वाद्य. तिचा एक कान आधीच गेला होता, आणि आता उरलेल्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठ काढली तर जीव वाचेल, पण ऐकू येणं जाईल. धाकटी तिथं रडली नाही. घरी आली आणि तिनं वाद्य थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, मी एक चाल बांधलीय. तुझ्या मशीनच्या ठेक्यावर. लहानपणापासून तोच ऐकत आलेय ना मी! कान जायच्या आत ती एकदा तुझ्या हातून ऐकायचीय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"अगं, मला सासुद्धा कळत नाही."

"तीनच कॉर्ड आहेत, एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या तीन जुड्या. कोटाला बाही लावणारी बाई तू, तुला हे काय अवघड?"

"बाही एकदा लावली की जागची हलत नाही. हे तुझं सारखं बदलायचं."

बदलायचं, तिथंच घोडं पेंड खायचं. बाकी डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. "सी म्हणजे घर," धाकटीनं समजावलं होतं. "एफ म्हणजे जरा बाहेर पडलो. जी-सेव्हन म्हणजे परत दाराशी आलो, पण आत नाही गेलो. कानाला चैन पडत नाही, तो म्हणतो, अहो, दार उघडा! मग सी वाजवायचा." थोरलीला हे पटलं, बोटांना पटेना. एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना ती सगळी बोटं उचलायची, चष्मा सावरायची, एकेक बोट नेमकं तारेवर ठेवायची. तोवर ठेका कुठल्या कुठे गेलेला असायचा.

"एफवरून जी-सेव्हनवर जाताना पहिलं बोट कशाला उचलतेस?" धाकटी एकदा वैतागून म्हणाली. "दोन्ही कॉर्डमध्ये तो स्वर तोच आहे. ते बोट तिथंच राहू दे, बाकीची हलव."

थोरली थबकली. "म्हणजे कोपरा शिवताना सुई कापडातच ठेवतो आणि कापड फिरवतो, तसं?"

धाकटी पोट धरून हसली. "मग इतके दिवस मी काय बोंबलतेय!"

त्या दिवसापासून बोटं सुटली. गिऱ्हाइकांचे कपडे खुंटीवर लोंबकळत राहिले, डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, पण ठेका मशीनसारखा पळायला लागला. एक खोड मात्र जाईना. एखादी तार नीट दाबली नाही, खरखरली, की संपलं. "थांब, पुन्हा पहिल्यापासून."

"ताई, चुकलं तरी पुढं जा गं. गाणं उसवता येत नाही."

"बरं," म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्यामुळं पहिली ओळ घोटून घोटून गुळगुळीत झाली, आणि शेवटची कच्चीच राहिली. जन्मभराची सवय, जाते थोडीच!

ऑपरेशनच्या सकाळी धाकटी खाटेवर बसली, डोळे मिटले, शाबूत कान पुढं केला. थोरली स्टुलावर. वॉर्डातल्या बायकाही कान देऊन बसल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. धाकटीचा पाय चादरीखाली ठेका धरून हलत होता. शेवटची ओळ आली. एफ आला, जी-सेव्हन आला आणि तार खरखरली. आता फक्त सी उरला होता. एका बोटाचं काम! पण थोरलीचा हात थांबला.

"थांब, थांब. पुन्हा पहिल्यापासून."

धाकटीनं डोळे उघडले. "नको गं ताई, पुढं वाजव..."

तेवढ्यात चाकाची खुर्ची घेऊन नर्स आली. "चला, आत बोलावलंय."

"एकच मिनिट हो, सिस्टर," थोरली गयावया करू लागली.

"डॉक्टर उभे आहेत, आजी. आल्यावर वाजवा ना."

"हो, आल्यावर वाजव," धाकटी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते दोघींनाही एकदमच कळलं. खुर्ची वळली. थोरली रिकाम्या खाटेकडे बघत बसली, आणि मग तिनं स्वतःच्याच हातावर फाडकन चापट मारली. शेजारच्या खाटेवरची बाई दचकली.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, यातच सगळं आलं, असं जो तो म्हणत होता. खोटं कसं म्हणावं? पण थोरलीला ते गोड लागेना. घास तोंडात घेतला की आठवायचं, आपल्या एका खोडीपायी बहिणीनं दारातच उभं राहून कान गमावला.

घरी आल्यावर काही दिवसांनी धाकटीनंच वाद्य पुढं सरकवलं. बोलली, पण नको तेवढं मोठ्यानं. आपला आवाज केवढा लागतो हे आता तिला समजत नव्हतं. "वाजव ना, ताई. राहिलंय ते." मांडी घालून बसली आणि जुन्या सवयीनं डोळे मिटून घेतले.

थोरलीनं वाजवायला घेतलं. दुसऱ्या ओळीत चुकली, पण थांबली नाही. शेवटी पुन्हा तार खरखरली, तरी हात पुढं गेला. सी वाजला, खोलीभर घुमला, विरला. तिनं युकुलेली खाली ठेवली. डोळ्यांना धार लागली होती, पदर लावायचंही सुचलं नाही.

धाकटी तशीच बसून होती, डोळे मिटून, कान पुढं करून. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा किलकिला केला.

"संपलं का गं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

थोरलीनं मान हलवली. तोंडानंही "हो" म्हणाली, उगाच.